गेरूची रेघ

दसऱ्याच्या सुट्टीत पोरानं एकच धोशा लावला होता, डायनासोर बघायला जायचं. सात वर्षांचा आहे. पन्नास आणि पाचशे यांत अजून गोंधळतो, पण 'पॅरासॉरोलोफस' एका दमात म्हणतो. हायवेला लागून एक मोठं फॅमिली पार्क झालंय, तिथं हलणारे-डरकाळणारे डायनासोर आणलेत, हे त्याला शाळेतल्या कुणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता.

बाबांनाही बरोबर न्यायचं मी ठरवलं. आई गेल्यापासून ते गावातून फारसे निघत नाहीत. येळ्ळूरच्या पुढं आमचं घर, पुढं भाताचं शिवार, मागं राजहंसगडाचा डोंगर. एवढ्यातच त्यांचा दिवस जातो. फोन केला तर म्हणाले, "मी काय करू तिथं येऊन? पाळण्यात बसायचं वय हाय काय माझं?" पोरानं फोन ओढून घेतला. "आज्जा, तू बसू नको. तू नुसता बघ की." ते लगेच तयार झाले. नातवाला त्यांनी आजवर कशालाच नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

बाबांनी आयुष्यभर विहिरी पाडल्या. बेळगाव तालुक्यात, खानापूरकडे, पुढं हुक्केरी-बैलहोंगलपर्यंत. आधी दुसऱ्याच्या हाताखाली पहार मारली, मग विहिरीतला दगड वर ओढायचं यंत्र, स्वतःची यारी घेतली, पाच-सहा गडी ठेवले. बोअरवेलची मशीनं गावोगाव आली तशी कामं कमी झाली आणि एक दिवस यारी परसात कायमची उभी राहिली. डाव्या हाताचा अंगठा घणाखाली सापडून चपटा झालाय, त्याचं नख कधी धड उगवलंच नाही. लहानपणी मला तो अंगठा धरून चालायची सवय होती. आता पोराला आहे.

पार्कच्या दाराशी टी. रेक्स उभा होता, दोन माणसांएवढा. आम्ही दहा पावलांवर गेलो आणि त्यानं मान वळवून डरकाळी फोडली. पोरगं थेट बाबांच्या धोतरामागं. इतके दिवस ज्याच्यासाठी हट्ट केला तोच समोर आला तेव्हा त्याला रडू फुटलं. तिकिटं तपासणारा मुलगा हसत खाली बसला, "अंजब्याड मरी, अंजब्याड" म्हणाला, घाबरू नको बाळा. बाबांनी कन्नडमध्ये त्याचं गाव विचारलं. हुक्केरीकडचा निघाला. बाबांनी त्याच्या शेजारच्या गावात दोन विहिरी पाडलेल्या. दोघांच्या गप्पा सुरू झाल्या आणि तेवढ्या वेळात पोराचं रडू आपोआप थांबलं. आमच्या भागात असंच असतं. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि इंग्रजी, बाजारात समोरचा बोलेल ती. पार्कातल्या पाट्या बाबांना वाचता येत नव्हत्या. त्या दिवशी नातू कन्नड अक्षरं लावत लावत वाचायचा आणि आज्जाला मराठीत सांगायचा. मला ते ऐकत राहावंसं वाटत होतं, आणि आज्जाला आपल्या लिपीत चार ओळी वाचायला मिळाल्या असत्या तर किती बरं झालं असतं, हेही वाटत होतं.

पाळण्यांबद्दल थोडक्यात सांगते. डायनासोरच्या तोंडाची हिरवी छोटी आगगाडी होती, उंचवट्यावरून दोनदा फिरणारी. तिच्या दाराशी उंची मोजायची पट्टी. पोरगं दोन बोटं कमी भरलं. मोठं माणूस शेजारी बसलं तर चालतं म्हणाले, म्हणून मी बसले. आडवा दांडा मांडीवर आला, माणसानं तो दोनदा हिसडून बघितला आणि गाडी निघाली. उतारावर पोटात खड्डा पडला तसा मला गावच्या जत्रेतला लाकडी पाळणा आठवला. तो दोन माणसं हातानं फिरवायची. वर गेलं की राजहंसगड दिसायचा आणि खाली बाबा दिसायचे, माझी चप्पल हातात धरून उभे. आता खाली बघितलं तर बाबा उभे होते, नातवाची चप्पल हातात धरून.

दुसरा पाळणा उडत्या सरड्यांचा. पंख पसरलेली आसनं खांबाभोवती वरखाली फिरतात. पाटीवर 'उडणारे डायनासोर' लिहिलेलं. पोरानं रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "टेरोसॉर डायनासोर नसतात." बरोबर आहे त्याचं. टेरोसॉर हे डायनासोरांचे चुलत भाऊबंद, घराणं वेगळं. डायनासोरांच्या घराण्यातून उडायला शिकले ते पक्षी.

पाळण्यांपेक्षा माझं मन रमलं ते झाडीतल्या वाटेवर. तिथं पंधरा-वीस डायनासोर उभे केलेत. लांब मानेच्या एकाच्या पाठीवर आमच्या पावसानं शेवाळ चढलं होतं आणि त्यामुळं तो खराच वाटत होता. बाबा थांबले ते ट्रायसेराटॉप्सजवळ. त्याच्या पुढच्या पायाचं कातडं कोपराशी उसवलं होतं. आत पिवळा फोम दिसत होता, फोमच्या आत लोखंडी सांगाडा. ट्रायसेराटॉप्सनं डोकं हलवलं की सांगाड्याच्या सांध्यावर एक छोटी मोटार कुरकुरायची, गाडीच्या काचेवरचा वायपर फिरवणाऱ्या मोटारीसारखी. मला वाटलं पोरगं हिरमुसेल. ते गुडघ्यावर बसलं, भोकाला डोळा लावला आणि ओरडलं, "आज्जा, आत यारी हाय!" बाबाही वाकले. त्यांनी चपटा अंगठा त्या कडेवरून फिरवला. वर सिलिकॉनचा पातळ थर, त्यावर रंग, खाली दाट फोम. "शिवलेलं हाय दोनदा," म्हणाले. "परत तिथंच उसवलंय. वाकतंय तिथं कायम ताण येतो." देखरेखीवरच्या माणसानंही तेच सांगितलं. माणूस जवळ आला की झुडपातला सेन्सर त्याला टिपतो, मोटारी सुरू होतात, आणि दिवसभर हजार वेळा मान हलवली की कातडं सांध्यावरच फाटतं. जगभरच्या पार्कांतले असे हलणारे डायनासोर बरेचसे चीनमधल्या झिगाँग शहरात बनतात. त्याच शहराच्या आसपास खऱ्या डायनासोरांची हाडं ढिगानं सापडलीत, 1987 पासून तिथं त्यांचं संग्रहालय आहे. जिथं हाडं निघाली तिथल्याच कारागिरांनी कातडी शिवायला घ्यावी, हे मला फार आवडलं.

या वाटेवर मला एक गोष्ट मात्र खटकली आणि ती मनापासून सांगावीशी वाटते. स्टेगोसॉरस आणि टी. रेक्स एकमेकांवर धावून जाताना दाखवलेत. स्टेगोसॉरस होता साधारण 15 कोटी वर्षांपूर्वी, टी. रेक्स पावणेसात कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला. त्या दोघांत जेवढं अंतर, त्याहून कमी अंतर टी. रेक्स आणि आपल्यात आहे. दोघेही अमेरिकेचे. आणि आपल्या मातीतला एकसुद्धा नाही! मुलांना राजासॉरस का दाखवू नये? गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोली गावात 1980 च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या माणसांनी त्याची हाडं गोळा केली, आणि 2003 मध्ये त्याला नाव मिळालं, राजासॉरस नर्मदेन्सिस. कपाळावर एक आखूड शिंग, अंगानं भक्कम, मांस खाणारा. किंवा बारापासॉरस टागोराय. 'बारा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय. त्याची हाडं सापडली तीही प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, गडचिरोलीच्या अगदी पलीकडे, आणि त्याला रवींद्रनाथांचं नाव दिलं कारण खोदकाम सुरू झालं तेव्हा त्यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. चंद्रपूरजवळच्या पिसदुऱ्यात तर डायनासोरांच्या काळातलं शेण दगड होऊन मिळतं. हे सगळं मी वाटेत पोराला सांगत होते आणि आजूबाजूची तीन-चार मुलं आमच्याबरोबर चालायला लागली. शेण म्हटल्यावर आणखी दोन आली.

वाटेच्या शेवटी वाळूचा मोठा हौद होता. वर पत्र्याचं छप्पर, आत वाळूखाली पुरलेला प्लास्टरचा सांगाडा. मुलांनी हातात ब्रश घ्यायचा आणि हाडं शोधायची. इथं आम्ही सगळ्यात जास्त वेळ होतो. एक पाळणा बंद होता आणि दुसऱ्याची रांग मोठी होती, हे त्या दिवशी आमच्या पथ्यावरच पडलं.

पोरगं आत उतरलं आणि सगळी मुलं करतात तेच करायला लागलं. दोन्ही हातांनी वाळू उकरायची, मागं फेकायची. खड्डा झाला की बाजूची वाळू घसरून परत भरायचा. तो रडकुंडीला आला. बाबा हौदाच्या काठावर बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. थोडा वेळ त्यांनी बघितलं. मग चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि हळूच आत उतरले.

"उकरू नको. आधी अंगण कर."

अंगण म्हणजे काय ते त्यांनी दाखवलं. हाताच्या कडेनं वाळू सपाट ओढली, चौकोन केला, चौकोनाच्या कडा उतरत्या ठेवल्या. "सरळ भिंत ठेवलीस तर ढासळणारच. मातीला उतार लागतो. विहिरीत वरची माती असतीय तोवर आम्ही अशीच रुंद घ्यायचो. खाली दगड लागला की मग उभं जायचं." मग ब्रश घेतला आणि मधून नाही, एका कडेकडून झाडत निघाले, थर थर. प्रत्येक हाताला बोटभर वाळू. अधूनमधून थांबायचे आणि ब्रशच्या दांड्यानं हळूच ठोकून ऐकायचे. "इथं पोकळ हाय. इथं भरीव." पोरानं कान लावला. पुढच्या झाडणीला एक पांढरी कड दिसली. बरगडी! पोरगं तिला धरून ओढायला गेलं, तसा त्यांनी हात धरला. "वडू नको. तिच्या बाजूची माती सोडव, ती आपल्याआपण सुटतीय."

अर्ध्या तासात हौदात सहा-सात मुलं बाबांभोवती रांग धरून झाडत होती. कुणी मराठी, कुणी कन्नड, एक उर्दू बोलणारी छोटी मुलगी. पाठीचा कणा उघडा पडला, मग कवटी. मी काठावर बसून बघत होते. जीवाश्म शोधणारी माणसं हेच करतात, अगदी हेच. वरची माती पायऱ्यांनी काढायची, कडेकडून झाडायचं, हाड जागेवरून हलवायच्या आधी त्याचा सगळा आकार उघडा करायचा. बाबांना हे कुणी शिकवलं नाही. चाळीस वर्षं जमिनीत उतरून त्यांचा हात शिकला.

तिथं मला इग्वानोडॉनची गोष्ट आठवली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत 1854 मध्ये लोकांना बघायला डायनासोरांचे अंगाएवढे पुतळे पहिल्यांदा उभे केले. आजच्या सगळ्या डायनासोर पार्कांचं मूळ ते. त्या पुतळ्यांत इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग बसवलंय. नुसतं एक टोकदार हाड मिळालेलं, ते कुठलं हे कुणाला कळत नव्हतं. पुढं 1878 मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत 322 मीटर खोल मजुरांना अख्खे सांगाडे लागले, तेव्हा कळलं की ते शिंग नव्हतंच, ते होतं अंगठ्याचं हाड. मी हे पोराला सांगितलं. त्यानं बाबांचा डावा अंगठा हातात घेतला आणि बराच वेळ निरखून बघितला.

जेवायला बाहेर आलो. आत घरचं नेऊ देत नाहीत, म्हणून गेटबाहेर चिंचेखाली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. तिथं पोरानं विचारलं, "आज्जा, आपल्या गावात होते काय डायनासोर? विहिरीत कधी हाड लागलं नाही?"

बाबा म्हणाले, "नाही रे. आमाला नुसता दगूड."

त्यांच्या आवाजात कमीपणा होता. तो माझ्यानं ऐकवेना, म्हणून मला जे माहीत होतं ते मी सांगायला लागले. आपला काळा दगड म्हणजे लाव्हा. डायनासोर संपले साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, आणि त्याच काळाच्या आगेमागे दख्खनवर जमीन फाटून लाव्हा वाहत होता, एकावर एक थर. आज उरलाय तोसुद्धा पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. भूवैज्ञानिकांनी सह्याद्रीतल्या या थरांना गावांची नावं दिलीत. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा. आणि त्यांच्याही वरचा, देसूर.

बाबांनी घास खाली ठेवला. "कुठलं देसूर?"

"आपलंच. येळ्ळूरशेजारचं."

देसूरच्या शिवारात त्यांनी किती विहिरी पाडल्या असतील याचा हिशेब नाही. ते काही बोलले नाहीत. पाण्याची बाटली उचलली, परत ठेवली. मी पुढं सांगितलं. लाव्हा थंड होताना त्यातले लोखंडाचे कण पृथ्वीच्या चुंबकाची दिशा धरून ठेवतात. डायनासोर संपले तेव्हा ती दिशा आजच्या उलटी होती. देसूरच्या दगडात ती आजच्यासारखी आहे, म्हणजे हा दगड डायनासोर गेल्यावर वाहिला. म्हणून आमच्या काळ्या दगडावर डायनासोर चालले नाहीत. आणि तिकडे गोकाकच्या धबधब्याचा दगड बघितला तर तो जमिनीवर एकही प्राणी नव्हता तेव्हाचा. एक त्यांच्या फार आधीचा, एक त्यांच्या लगेच नंतरचा.

"म्हणजे मी त्यांच्या वरच्या मजल्यावर काम केलं," बाबा म्हणाले. थोड्या वेळानं, "आणि मधला गेरू?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी ठरवलं की परत जाताना देसूरवरून जायचं.

उन्हं उतरली होती. भातं पोटरीला आलेली, वासानं सगळं शिवार भरलेलं. बाबांनी एका बांधावर गाडी थांबवायला लावली. विहीर त्यांनी पाडलेली, माझ्या जन्माच्या आधीची. पायऱ्या आहेत, पण आम्ही तिसऱ्या पायरीपर्यंतच उतरलो, पोराला घट्ट धरून. वर लाल माती, मग जांभा, मग मुरूम, मग काळा पाषाण. आणि त्या पाषाणाच्या मध्ये, वीतभर जाडीची, आडवी, विटेच्या रंगाची एक रेघ विहिरीला सगळीकडून वेढून गेलेली. खाली परत काळा.

"ह्यो गेरू. पहार इथं लोण्यागत जायाची. नवी पोरं खूश व्हायाची, संपला म्हणून दगड. मी सांगायचो, थांबा, खाली परत हाय. दर वेळी असतोय. का असतोय ते मला कुणी सांगितलं नाही."

ते मला सांगता आलं. एक लाव्हा वाहून थंड झाला की पुढचा येईपर्यंत मध्ये फार मोठा काळ जायचा. तेवढ्यात वरचा दगड ऊनपावसानं कुजून त्याची माती व्हायची, कुठं वरून राख पडायची. मग पुढचा तापलेला लाव्हा त्या मातीवर येऊन बसायचा. ही रेघ म्हणजे एके काळची जमीन. तिच्यावर पाऊस पडला होता.

बाबांनी हात लांब करून रेघेवर बोट ओढलं आणि ते लाल बोट पोराच्या कपाळाला लावलं. तेवढ्यात आमच्या आवाजानं खालच्या खोबणीतून पारव्यांचा थवा उठला. पंखांचा फडफडाट त्या गोल भिंतींत इतका मोठा झाला की आम्ही तिघंही दचकलो. पारवे आमच्या तोंडासमोरून वर गेले आणि भातावर एक वळसा घेऊन आंब्यावर बसले. पोरगं बराच वेळ त्यांच्याकडे बघत होतं. मग म्हणालं, "आज्जा, बघ. हे ऱ्हायले."

वाटेत शहापुरात कुंदा घेतला. पोरगं झोपलं होतं. बाबांना गावी सोडलं तर उतरताना त्यांनी विचारलं, "ते देसूरचं, कागदावर कुठं लिहिलेलं हाय काय?" मी आहे म्हणाले. "मला एकदा वाचून दाखव गे." त्या आठवड्यात मी जे मिळालं त्याचं मराठी करून दोन पानं मोठ्या अक्षरांत लिहून दिली. ती त्यांनी देवघराच्या फळीवर ठेवलीत.

दिवाळीला पोरगं गावी होतं. आमच्याकडे गल्लीगल्लीत मुलं किल्ले करतात, तसा आज्जा-नातवानं अंगणात राजहंसगड केला. मी पोचले तेव्हा बुरूज झाले होते आणि वर आळीव पेरलेला. डोंगराच्या उतारावर, काळ्या चिखलात, बरोबर मध्यावर गेरूची एक रेघ ओढलेली, आडवी, सगळा डोंगर वेढणारी. किल्ल्यावर मावळे होते, तटावर मातीचे चार पारवे. मी विचारलं, "आणि डायनासोर? एकही ठेवला नाहीस?"

"ठेवलेत की, सगळे. डोंगराच्या खाली पुरलेत."

"मग दिसणार कसे?"

पोरानं बाबांकडे बघितलं. बाबा अंगठ्यानं रेघेची एक तुटलेली कड सांधत होते, मान वर न करता म्हणाले, "आधी अंगण करायचं."